रुसलेला की सुटलेला

कल्पना करा, तुमच्या कमरेला जाड दोर बांधलेला आहे. दोराचं दुसरं टोक वर कुठेतरी एका जांभळीच्या बुंध्याला गुंडाळलंय, पण ती जांभळ तुम्हाला इथून दिसत नाही. पायाखाली जमीन आहे म्हणावं, तर ती उभी आहे. खूप खाली घाटातले रूळ उन्हात चमकतायत. हातात पहार, आणि समोर म्हशीएवढा काळा दगड. तुम्हाला एवढंच ठरवायचं आहे, की हा दगड अजून डोंगराचा आहे की डोंगराने त्याला सोडलंय. पहारीचं टोक दगडावर मारा आणि कान द्या. ‘खण्‌’ वाजला तर तो पक्का, पुढच्या दगडाकडे सरका. ‘बद्‌’ वाजला तर आत पोकळी आहे, पाडायला घ्या. पक्का दगड सुटा समजलात, तर दिवसभर घाम गाळाल आणि गँग तुम्हाला हसेल. सुटा दगड पक्का समजलात, तर हसायला कोणी उरेलच असं नाही.

कमळ्या निरगुडा हे काम त्याच्या ऐन जवानीपासून करतो. आता त्याच्या मिशा पांढऱ्या झाल्यात, पण दोरावर त्याचा पाय अजून चुकत नाही. पळसदरीच्या वरच्या अंगाला, कड्याच्या पायथ्याशी त्याची ठाकूरवाडी आहे. लहानपणी तो बापाबरोबर कड्यावरची मधमाश्यांची मोहळं काढायला जायचा. त्यामुळे रेल्वेच्या घाटात सुटे दगड पाडणाऱ्या ठेकेदाराला माणसं हवी होती, तेव्हा कमळ्याला काही शिकवावं लागलं नाही. ‘‘दगड बरा,’’ तो म्हणतो, ‘‘चावत नाय.’’

थंडी सरली की गँग दोरावर चढते आणि पावसाआधी उतरते. मुकादम भिवाजी हा खालापूरकडचा, पोटाने मोठा आणि आवाजाने त्याहून मोठा. या गँगची दगडांची स्वतःची भाषा आहे. जो हलत नाही तो ‘बसलेला’. ज्याने अंग सोडलं तो ‘सुटलेला’. आणि या दोघांच्या मधला, ज्याला भेग पडली आहे पण जो अजून निघालेला नाही, तो ‘रुसलेला’. नव्या माणसाला भिवाजी समजावून सांगतो, ‘‘रुसलेली बायको पिशवी भरते, दारापर्यंत येते, पण उंबरा ओलांडत नाय. तसा हा दगड.’’ यावर दोरावरून कोणीतरी हमखास ओरडतं, ‘‘मुकादम, तुमची किती येळा आली दारापर्यंत?’’ रुसलेल्या दगडावर चुन्याची फुली मारायची आणि पुढच्या फेरीला तो पुन्हा वाजवून बघायचा, अशी रीत आहे.

दोन उन्हाळ्यांपूर्वी गँगच्या पालावर नम्रता आली. ती कर्जतच्या भिसेगावची. पुण्याला भूशास्त्र शिकते आणि डोंगरांचे आकार कसे घडतात याचा अभ्यास करते. तिला कड्यावरचे आणि खालच्या ओढ्यातले दगड हवे होते. आकाशातून अतिसूक्ष्म किरण सतत जमिनीवर पडत असतात. दगडाचा जो भाग उघडा पडतो, त्याच्यात त्यांच्या खुणा साठत जातात. त्या प्रयोगशाळेत मोजल्या, की तो दगड किती काळ उघड्यावर आहे याचा अंदाज येतो आणि त्यावरून कडा किती वेगाने झिजतोय ते कळतं. हे सगळं तिने एका दमात सांगितलं. कमळ्याने ते ऐकून घेतलं आणि विचारलं, ‘‘दगडाचं वय काढायचं, मंग लगीन जमवायचं का त्याचं?’’

त्या दिवसापासून तो तिचा कमळ्याकाका झाला. ती दाखवेल तिथला दगड तो छिन्नीने काढून द्यायचा आणि त्या बदल्यात प्रश्न विचारायचा. तिला ते आवडायचं. विद्यापीठात तिला इतके प्रश्न कोणी विचारत नव्हतं.

‘‘हा कडा आधी इथं नव्हताच, काका,’’ एकदा जेवणाच्या सुट्टीत ती म्हणाली. ‘‘फार पूर्वी तो पश्चिमेला, समुद्राच्या अंगाला होता. तिकडची जमीन ताणली गेली, फाटली, खचली. मागे उंच कडा उभा राहिला. तेव्हापासून तो झिजत झिजत मागे सरतोय.’’

‘‘मागं म्हंजे? लोनावळ्याकडं?’’

‘‘हो.’’

‘‘आमी पाडतो म्हणून?’’

‘‘तुम्ही तर काल आलात. ऊन आणि पाणी त्याच्या आधीपासून कामावर आहेत.’’

‘‘आनि त्यांचा मुकादम कोन?’’ कमळ्याने विचारलं. भिवाजीसुद्धा हसला.

पण खरा प्रश्न त्याने भाकर संपल्यावर विचारला. इतकी वर्षं डोंगर पडतोय, तर तो संपला कसा नाही?

नम्रताने इकडेतिकडे पाहिलं. खाली रस्त्यावर वीटभट्टीचा टेंपो उभा होता आणि माणसं विटा उतरवत होती. ‘‘तो टेंपो बघा,’’ ती म्हणाली. ‘‘भरलेला असतो तेव्हा स्प्रिंगचे पाटे दबतात, चाकं दिसेनाशी होतात. विटा उतरल्या की तो वर येतो. जमीन तशीच आहे. तिच्या खाली खूप खोलवर तापलेला दगड आहे. तो घट्टच आहे, पण फार सावकाश दबतो, सरकतो. कड्यावरून दगड पडतो, त्याची माती होते, उल्हास नदी ती समुद्राला नेते. ओझं उतरलं की जमीन थोडी वर येते. वर आली की ओढे पुन्हा जोरात कापायला लागतात.’’

‘‘म्हंजे वरून उतरती आनि खालून भरती.’’

‘‘तसंच काहीसं. शिवाय आपला सगळा देशच उत्तरेला सरकतोय. आपली नखं वाढतात ना, साधारण त्याच चालीने. तिकडे तिबेटाला धडकून हिमालय वर उचलला जातोय. त्या रेट्याचा ताण इथल्या जुन्या भेगांपर्यंतही पोचतो. कधीतरी एखादी भेग जराशी सरकते, भांडी वाजतात. पण यातल्या कशामुळे सह्याद्री किती उचलला गेला, यावर जाणकारांची अजून भांडणं चालू आहेत.’’

‘‘आमच्या वाडीत बी बांधावरनं चालूच हायत,’’ कमळ्या म्हणाला आणि दोर बांधायला उठला.

कमळ्याच्या वाडीच्या वरच्या बाजूला, जिथे सपाटी संपून कडा सुरू होतो, तिथे वाघदेव आहे. दोन पुरुष उंचीचा एक उभा दगड, शेंदूर लावलेला. त्याच्या नेमक्या खाली कमळ्याची मोठी बहीण जिजा राहते. नवरा गेल्यावर तिने घर बांधायला काढलं, तेव्हा जागा कमळ्यानेच बघून दिली होती. त्याने देवाला नमस्कार केला, माफी मागितली आणि पहारीने दगड वाजवला. तो घंटेसारखा वाजला. ‘‘बसलेला हाय. बांध खुशाल,’’ त्याने सांगितलं होतं. तिच्या आधाराने मग आणखी तीन घरं तिथे आली.

वाघदेव वाजतो याचा वाडीला अभिमान होता. पूजेच्या दिवशी भगत चांगो दगडावर नारळ आपटायचा आणि तो कसा वाजतो ते सगळे ऐकायचे. अलीकडे तर तो दरवर्षी जास्त खणखणीत वाजत होता. देव जागृत होत चाललाय, असं चांगो म्हणायचा. कमळ्या मनात म्हणायचा, आणखी पक्का होत चाललाय. नम्रताने एकदा तो ऐकला, तेव्हा तीसुद्धा म्हणाली होती, ‘‘एकसंध दिसतोय.’’

यंदा वैशाखात पूजेला चांगोने नारळ फोडला आणि त्याची एक कवड निसटून दगडाच्या मागे गेली. ‘‘देवानं वाटा घेतला,’’ पोरंबाळं हसली. कमळ्या कवड काढायला दगडाच्या बाजूने वर चढला आणि पोटावर आडवा झाला. मागच्या फटीत पूर्वी बोट जात नव्हतं. आता त्याचा हात खांद्यापर्यंत आत गेला. कवड हाताला लागली नाही. लागला तो वारा. वैशाखातल्या भर दुपारी आतून गार वारा येत होता.

त्याने एक खडा आत सोडला. खडा टक्‌ वाजला, पुन्हा खाली कुठेतरी वाजला, मग त्याचा आवाजच आला नाही.

कमळ्या तसाच पडून राहिला. आपल्या डोंगरात काळ्या दगडाचे थर एकावर एक बसलेत, आणि दोन थरांच्या मध्ये जागोजाग तांबड्या मातीचा मऊ पट्टा असतो. पाणी आधी तो पट्टा खातं, मग वरचा दगड पुढे लोंबतो. घाटात त्याने हे शेकडो वेळा पाहिलं होतं. वाघदेव अशाच पट्ट्यावर उभा होता, आणि पट्टा आतून रिकामा झाला होता. दगड मागेही टेकत नव्हता, बाजूलाही नव्हता. त्याला कोणी धरलंच नव्हतं. देवळातली घंटा कोणी हाताने धरली तर वाजते का? मोकळी लोंबत असते म्हणूनच वाजते. दरवर्षी आवाज मोकळा होत होता, कारण दगड मोकळा होत होता.

घाटात जो आवाज पक्का म्हणून त्याने आयुष्यभर मानला, त्याच आवाजावर त्याने बहिणीला इथे बसवलं होतं.

संध्याकाळी तो जिजाच्या ओट्यावर जाऊन बसला. ती नाचणी पाखडत होती. त्याला सांगायचं होतं, की दगड सुटलाय, उद्याच्या उद्या घर सोड. पण तिने त्याच्यासमोर चहा ठेवला, आणि शब्द घशातच मऊ झाला.

‘‘जिजाबाय, वरचा दगड रुसलाय गं,’’ तो म्हणाला.

जिजाचं सूप थांबलं. ‘‘खरं सांगतंस?’’

‘‘हात घालून बघितला.’’

‘‘बरं,’’ ती म्हणाली. ‘‘बगते मी.’’

कमळ्याला वाटलं, निरोप पोचला. रविवारी सकाळीच तो खाली उतरून भिसेगावला गेला. नम्रता सुट्टीला घरी आली होती. फटीतल्या वाऱ्याचं ऐकून तिने मोजायचा टेप आणि बॅटरी घेतली आणि दोघं मिळेल त्या रिक्षाने पळसदरीला आली. चढण चढायला लागली तसा वरून ढोल ऐकू आला.

‘‘कोणाचं लग्न आहे का?’’ नम्रताने विचारलं.

‘‘नाय. आज काय नाय वाडीत.’’ आणि मग कमळ्याच्या डोक्यात उजेड पडला. तो पळत सुटला.

गँगच्या भाषेत रुसलेला म्हणजे भेग पडलेला. वाडीच्या भाषेत रुसलेला म्हणजे रुसलेलाच. आणि देव रुसला की काय करायचं ते वाडीला ठाऊक होतं. त्याची मनधरणी करायची. सगळी वाडी वाघदेवाच्या पायाशी जमली होती. ताडपत्र्या अंथरल्या होत्या. तीन दगडांच्या चुलींवर भाताची भांडी चढली होती. म्हातारी माणसं सावली बघून दगडाच्या अगदी खाली बसली होती आणि दोघेजण ढोल बडवत होते. कधी नव्हे तो एवढा ठोका त्या दगडाला खालून बसत होता.

‘‘बंद करा रं! ढोल बंद करा!’’

ढोल थांबला. जिजा हातात पळी घेऊन पुढे आली. ‘‘आला बग श्याना. देव मनवायचा सोडून सकाळपास्नं कुठं फिरतंस?’’

‘‘उठवा समद्यांना हितनं.’’

‘‘तूच बोललास ना देव रुसलाय?’’

‘‘मी दगड बोललो!’’

‘‘दगड कोन आनि देव कोन? दोन हायत का हितं?’’

यावर लोक हसले. कमळ्याला हसू आलं नाही. मागून नम्रता धापा टाकत पोचली आणि तिने बोलायला तोंड उघडलं, पण थर, भेग, उतार यातलं काय आधी सांगावं हेच तिला सुचेना. तोवर कमळ्या बोलला होता.

‘‘रुसला नाय. मी खोटं बोललो. सुटलाय तो.’’

वाडीतले निम्मे पुरुष कधी ना कधी गँगवर जाऊन आलेले. ते उभे राहिले. भगत चांगो मात्र बसूनच होता. त्याने सावकाश विचारलं, ‘‘सुटलाय म्हंजे?’’

‘‘अंग सोडलंय त्यानं, चांगोबाबा. मागनं मोकळा हाय, खालनं पोकळ हाय. निघालाय.’’

‘‘कुठं?’’

कमळ्याने जिजाच्या पत्र्याकडे बोट केलं.

चांगोने एकदा दगडाकडे पाहिलं, एकदा पत्र्याकडे. मग गुडघ्यावर हात टेकून उठला. ‘‘रुसलेल्या देवाला मनवायचं असतं,’’ तो म्हणाला. ‘‘निघालेल्या देवाला वाट द्यायची असती. पालखीच्या वाटंत कोन चूल मांडतं का? उचला रं ताडपत्र्या.’’

माणसं उठायला लागली. जिजा जागची हलली नाही. ‘‘माझं घर वाटंत हाय, तर देवानं वाट बदलावी. पत्रा माझा नवा हाय.’’

कमळ्याने तिचा हात धरला. ती शिव्या देत त्याच्याबरोबर बाजूने वर चढली. त्याने तिचा हात फटीत घातला. तिच्या शिव्या थांबल्या.

‘‘कोन फुकतंय आतून?’’ तिने हळूच विचारलं.

‘‘कोनी नाय. डोंगर मोकळा झालाय तिथं.’’

तिने हात काढून पदराला पुसला. ‘‘मला घर बांधून दिलंस तवा?’’

‘‘तवा बी वाजत व्हता. मला वाटलं, बसलेला हाय.’’

‘‘आनि परवा? ओट्यावर चा पिताना बी का नाय बोललास?’’

‘‘जीभच रेटली नाय.’’

जिजाने पदर खोचला. मग खाली उतरली आणि चुलीजवळ गेली. ‘‘भात अर्धा शिजलाय,’’ ती म्हणाली. ‘‘तिकडनं धर. दोघांनी उचलू.’’

त्याच दिवशी चारही घरांतलं सामान वाडीच्या दुसऱ्या टोकाला गेलं. जिजा चांगोच्या पडवीत राहायला आली. पुढच्या आठवड्यात भिवाजी स्वतः येऊन दगड बघून गेला. त्याने कान लावला, दोरावरून मागच्या बाजूला उतरला आणि वर आल्यावर पहिल्यांदाच विनोद केला नाही. तो म्हणाला, हा पाडता यायचा नाही, खाली वाडी आहे. वरून थोडा थोडा फोडून काढावा लागेल आणि त्याला परवानगी लागेल. पावसाआधी ते व्हायचं नाही.

पाऊस आला आणि गेला. दगड अजून उभा आहे. खालची चार घरं रिकामी आहेत. जिजा रोज सकाळी वर बघते आणि भावाला टोमणा मारते, ‘‘काय रं, निघालेला देव अजून दारातच हाय का? पायताण गावंना वाटतं त्याला.’’ कमळ्या ऐकून घेतो. पडला तर आपण खरे ठरू हे त्याला कळतं, आणि तो पडू नये असंही त्याला वाटतं. पण जिजा परत राहायला जाते म्हणाली, तर तो तिला जाऊ देत नाही. एवढ्या एका गोष्टीवर तो बहिणीचंही ऐकत नाही.

आता तिला नवी जागा हवी आहे, आणि ती बघून द्यायची जबाबदारी पुन्हा कमळ्याचीच. पहिल्या वेळी त्याने एकट्याने ठरवलं होतं. या वेळी त्याने नम्रताला बोलावलं. दोघं दिवाळीनंतर पायथ्याने फिरली. कमळ्याने सपाट जागा दाखवायची आणि नम्रताने ओढ्याने कापलेल्या कडेला जाऊन जमिनीच्या पोटात काय आहे ते बघायचं, असं ठरलं.

सुरुवात वाडीपासूनच झाली. वाडीच्या खालच्या अंगाला ओढ्याने जमीन उभी कापली आहे. तिथे नम्रता बराच वेळ उकिडवी बसली. मातीत घराएवढे धोंडे होते आणि मुठीएवढे खडे होते, सगळे एकमेकांत मिसळलेले, कोपरे धारदार.

‘‘पाण्याने आणले असते तर गोल झाले असते. मोठे एकीकडे, बारीक एकीकडे, थराथराने बसले असते,’’ ती म्हणाली. ‘‘हे एका झटक्यात आलंय, काका. तुमची सगळी वाडी जुन्या दरडीवर बसली आहे. म्हणून तर इथे सपाटी आहे, आणि म्हणूनच खालच्या टोकाला झरा आहे.’’

‘‘कंदीची?’’

‘‘माहीत नाही. हजारो वर्षांपूर्वीची असेल. दगड नेते, वय काढून बघते.’’

दुसरी जागा डोंगराच्या पलीकडच्या सोंडेखाली, नाचणीच्या जुन्या दळीची, म्हणजे डोंगरातल्या शेततुकड्याची. तिथेही तेच, धारदार कोपऱ्यांचे धोंडे. तिसरी थेट ओढ्याकाठी. तिथले दगड गोल होते, थर नीट होते. नम्रताचा चेहरा उजळला. मग तिने झाडांच्या बुंध्यांवर अडकलेला यंदाच्या पुराचा कचरा पाहिला आणि ती उठून पुढे चालायला लागली. चौथी जागा थेट कड्याखाली होती, ती कमळ्याला स्वतःलाच दाखवावीशी वाटली नाही.

परत येताना दोघं एका बांधावर टेकली. वर कडा होता, सरळ, काळा, जागोजाग ताज्या तांबड्या ओरखड्यांचा. जिजाने बांधून दिलेल्या भाकरीचे दोन भाग करत कमळ्या म्हणाला, ‘‘म्हंजे डोंगर उतरतो, तवाच सपाटी व्हते.’’

‘‘पायथ्याला तरी बहुतेक तसंच.’’

‘‘आनि आमी सपाटी बघूनच घर बांधतो.’’

नम्रताने मान हलवली. कमळ्याने भाकरीचा अर्धा तुकडा तिच्या हातावर ठेवला. आपला तसाच हातात धरून तो कड्याकडे बघत राहिला. जिजाला आज संध्याकाळी काय सांगायचं, हे त्याला अजून ठरवायचं होतं.

‘‘मंग मला एवढंच सांग, ताय,’’ तो म्हणाला. ‘‘पडायचं तेवढं पडून झालंय, आता वरनं काय यायचं नाय, अशी सपाटी वळखायची कशी?’’